माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की हा प्रश्न घरात येतोच. शाळेत किंवा एखाद्या पुस्तकात त्याने ते प्रसिद्ध चित्र पाहिलेलं असतं : डावीकडे वाकून चालणारं माकड, त्याच्यापुढे जरा ताठ झालेला केसाळ प्राणी, मग हातात दगड घेतलेला कुणीतरी, आणि उजव्या टोकाला छाती काढून चालणारा माणूस. पुढे कधीतरी सिंहगडावर नाहीतर वणीच्या पायऱ्यांवर माकडं दिसतात आणि मूल विचारतं, ‘‘ही अजून माकडंच कशी? यांचा माणूस का नाही झाला?’’

प्रश्न रास्त आहे. तरी बहुतेक घरांत ‘पुढच्या इयत्तेत शिकवतील’ म्हणून वेळ मारून नेली जाते. हे मुलाचं नुकसान आहे. या एका प्रश्नाच्या पोटात माणसाची सगळी गोष्ट आहे : आपण किती जुने आहोत, जगभर कसे पसरलो, आणि एकमेकांपासून इतके वेगळे का दिसतो. ही गोष्ट मुलांना सांगू पाहणाऱ्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी हे प्रकरण आहे. सांगताना एक पथ्य पाळावं. काय घडलं एवढंच सांगून थांबू नये, ते आपल्याला कळलं कसं हेही सांगावं. मुलांचे कान खरे टवकारतात ते या दुसऱ्या भागाला.

१. चुलत भावंडं

आधी त्या चित्राबद्दल. ते १९६५ साली अमेरिकेत निघालेल्या ‘अर्ली मॅन’ नावाच्या पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने काढलं. त्याच्या नकला इतक्या झाल्या, की आता ते टी-शर्टांवरही दिसतं. चित्र देखणं आहे, पण त्याने एक मोठा गैरसमज पसरवला. एकामागून एक उभे केलेले ते प्राणी पाहून वाटतं, की माकडाचं रूपांतर होत होत माणूस झाला आणि जी माकडं आळशी होती ती मागे राहिली.

मुलाला उलट विचारावं, ‘‘तू तुझ्या चुलतभावापासून जन्मलास का?’’ ते हसेल. चुलतभाऊ आणि ते, दोघांचे आजोबा एक; तिथून दोन घरं वेगळी झाली. माणूस आणि चिंपांझी यांचं नातं तसंच आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत एक प्राणी होता, जो धड माणूस नव्हता आणि धड चिंपांझीही नव्हता. त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या. एकीतून पुढे चिंपांझी आले, दुसरीतून आपण. गडावरची शेपटीवाली माकडं आणखी लांबची. त्यांची आणि आपली शाखा एकत्र होती ती अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी.

म्हणजे माकडं मागे राहिलेली नाहीत. तेवढीच वर्षं तीही बदलत आली आहेत, आपापल्या जगण्याला साजेशी. फांदीवरून फांदीवर झेपावताना एका क्षणात अंतर जोखणारं माकड त्याच्या कामात आपल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. माणूस होणं हे त्याचं उद्दिष्ट कधीच नव्हतं. हे मुलाला एकदा नीट कळलं, की उत्क्रांती या विषयातली अर्धी अडचण संपते.

२. दोरीचा हिशेब

लाख आणि कोटी वर्षं मुलांना समजत नाहीत, आणि खरं तर मोठ्यांनाही समजत नाहीत. आकडे सगळे सारखेच मोठे वाटतात. त्यामुळे हिशेब जमिनीवर आणावा. अंगणात किंवा गच्चीवर दोरी घेऊन बसावं आणि ठरवावं, की एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष.

दहा वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य एक सेंटिमीटर. सत्तर वर्षांच्या आजोबांचं सात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, साधारण ३५ सेंटिमीटरवर. ज्ञानेश्वरी, १२९०, पाऊण मीटरच्या जरासं अलीकडे. इथवर सगळं एका पाटावर मावतं. माणूस शेती करायला लागला ती खूण अकरा-बारा मीटरवर, म्हणजे दोरी घराच्या बाहेर गेली. आपल्यासारख्या माणसांच्या सर्वांत जुन्या कवट्या मोरोक्कोमध्ये जेबेल इरहूद इथे मिळाल्या. त्या सुमारे ३ लाख वर्षांच्या आहेत, तेव्हा ती खूण ३०० मीटरवर, गल्लीच्या टोकाशी. आपण आणि चिंपांझी वेगळे झालो तो काळ सहा-सात किलोमीटरवर. आणि डायनोसॉर? ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले, म्हणजे ६६ किलोमीटर. पुण्यात बसून दोरी धरली, तर दुसरं टोक लोणावळ्याला.

डायनोसॉर आणि गुहेतला माणूस एकत्र दाखवणारी कार्टून मुलांनी पाहिलेली असतात. हा एक हिशेब झाला, की त्यांना ती कार्टून लबाड आहेत हे सांगावं लागत नाही.

३. राखेतली पावलं

आता पुरावा. माझ्या मते मुलांना सांगण्यासारखा सर्वांत सुंदर पुरावा टांझानियात लेटोली नावाच्या जागी आहे.

१९७६ साली तिथे मेरी लीकी यांच्या तुकडीचं संशोधन चालू होतं. एका संध्याकाळी काही शास्त्रज्ञ मजेत एकमेकांवर हत्तीची वाळकी लीद फेकत होते. अँड्र्यू हिल नावाचे शास्त्रज्ञ फेकलेली लीद चुकवताना खाली पडले. नाक जमिनीजवळ आलं आणि त्यांना दिसलं, की दगडासारख्या कठीण जमिनीत बारीक खळगे आहेत. ते पावसाच्या थेंबांचे आणि प्राण्यांच्या पावलांचे ठसे होते. मग त्या भागात शोध सुरू झाला, आणि १९७८ मध्ये त्याच थरात दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं सापडली. सुमारे २७ मीटरपर्यंत ती एका दिशेने गेलेली आहेत.

ती उमटली कशी? जवळचा ज्वालामुखी राख ओकत होता. राख जमिनीवर पसरली, वर पावसाचा हलका शिडकावा झाला आणि राखेचा ओल्या सिमेंटसारखा चिखल झाला. त्यावरून हत्ती गेले, हरणं गेली, ससे गेले, पक्षी गेले. आणि कुणी दोघं-तिघं चालत गेले, त्यांतला एक लहान. एक जण तर पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत चालला होता. मग राख सुकून कडक झाली आणि वर नवी राख पडली. ठसे झाकले गेले ते ३६ लाख ६० हजार वर्षं.

या ठशांत टाच आहे, पावलाची कमान आहे, आणि अंगठा बाकीच्या बोटांना समांतर आहे. चिंपांझीचा अंगठा बाजूला असतो, फांदी पकडण्यासाठी. मुलाला घरातल्या ओल्या फरशीवर चालायला सांगावं आणि त्याचं पाऊल निरखायला सांगावं. टाच, कमान, अंगठा : तेच सगळं.

राखेचं वय कसं कळतं, हे मूल विचारेलच. ज्वालामुखीच्या राखेत पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग फार संथपणे आरगॉन वायूत बदलत जातो. खडक वितळलेला असतो तेव्हा हा वायू निसटून जातो. थंड झाल्यावर जो तयार होईल तो आतच अडकतो. जितका आरगॉन जास्त, तितकी राख जुनी.

या पावलांची मालकीण कशी दिसत असेल, याचा अंदाज आपल्याला ‘लूसी’वरून येतो. १९७४ मध्ये इथिओपियात हदार इथे डोनाल्ड योहान्सन यांना हा सांगाडा मिळाला. त्याचा सुमारे ४० टक्के भाग हाती लागला, आणि इतका जुना सांगाडा एवढा मिळणं म्हणजे मोठंच भाग्य. वय ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट. तिची कंबर आणि गुडघा सांगतात, की ती दोन पायांवर चालत होती. पण मेंदू साधारण चिंपांझीएवढाच. आपल्याला वाटतं आधी अक्कल आली, मग माणूस उठून उभा राहिला. घडलं उलट. आधी पाय, मग कित्येक लाख वर्षांनी मोठा मेंदू.

४. एकाच काळी अनेक माणसं

शाळेच्या पुस्तकात कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव, बुद्धिमान मानव अशी नावं एकाखाली एक येतात. पाठ करताना मुलांना वाटतं, एक संपला की दुसरा सुरू झाला. खरं तर त्यांतले कित्येक एकाच वेळी पृथ्वीवर नांदत होते. लाखभर वर्षांपूर्वीच्या जगात फेरी मारता आली असती, तर आफ्रिकेत आपण भेटलो असतो, युरोपात निअँडरथल, म्हणजे पुस्तकातला शक्तिमान मानव, आशियात डेनिसोव्हन, आणि इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फुटी माणसं.

निअँडरथल रानटी होते, अशी प्रतिमा चित्रांनी करून ठेवली आहे. इराकमधल्या शानिदर गुहेत मिळालेल्या एका पुरुषाची हकिगत त्याला उत्तर आहे. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी किंवा तरुणपणी जबर मार बसला होता, बहुधा एक डोळा गेला होता, आणि उजवा हात लुळा पडून वाळला होता. अशा माणसाला एकट्याने शिकार जमणार नाही. पण त्याच्या जखमा भरून आलेल्या आहेत, आणि त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. म्हणजे कुणीतरी त्याला खाऊ घालत होतं, मुक्काम हलवताना बरोबर नेत होतं. हे मुलांना जरूर सांगावं. दुबळ्याला सांभाळणं ही शहाण्या माणसांनी अलीकडे काढलेली रीत आहे असं मुळीच नाही.

निअँडरथल सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी दिसेनासे झाले, पण पूर्ण नाही. स्वीडनच्या स्वांते पाबो यांनी जुन्या हाडांतून डीएनए काढून वाचण्याचं तंत्र विकसित केलं, आणि २०१० मध्ये असं दाखवून दिलं, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत निअँडरथलांचा थोडा वाटा आहे, साधारण १ ते २ टक्के. तुमच्याआमच्यातही तो आहे. पाबोंना २०२२चं नोबेल मिळालं.

५. कुणी निघालंच नव्हतं

नकाशावर आफ्रिकेतून बाण निघतो, अरबस्तानातून भारतात येतो, पुढे ऑस्ट्रेलियाला जातो. मुलांना वाटतं, कुणी पुढारी उठला आणि म्हणाला, ‘चला, ऑस्ट्रेलियाला!’ हा बाण पुसून टाकण्यासाठी एक गणित करून घ्यावं.

समजा एका टोळीची मुलं मोठी झाली आणि त्यांनी आईवडिलांच्या जागेपासून २५ किलोमीटरवर मुक्काम हलवला. शिकार कमी झाली असेल, झरा आटला असेल, किंवा भांडण झालं असेल. २५ किलोमीटर म्हणजे एका दिवसाची चाल. मामाचं गाव याहून लांब असतं. आफ्रिकेच्या शिंगापासून किनाऱ्या-किनाऱ्याने ऑस्ट्रेलियापर्यंत १५ हजार किलोमीटर धरले, तर ६०० पिढ्या लागतील. एक पिढी २५ वर्षांची. ६०० गुणिले २५ म्हणजे १५ हजार वर्षं. कुणीही स्वतःच्या आयुष्यात ‘स्थलांतर’ केलं नाही, तरी माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

खऱ्या तारखा या हिशेबाशी जुळणाऱ्या आहेत. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचे पूर्वज ७० ते ५० हजार वर्षांपूर्वीच्या काळात तिथून बाहेर पडलेल्या माणसांतले. त्याआधीही काही टोळ्या बाहेर आल्या होत्या, पण त्यांचा वंश फारसा टिकला नाही. ऑस्ट्रेलियात माणूस निदान ५० हजार वर्षांपासून आहे. पुढे हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्याहून जवळपास १२० मीटर खाली होती, कारण तेवढं पाणी बर्फ होऊन जमिनीवर साचलं होतं. तेव्हा मुंबईचा किनारा आजच्यापेक्षा कितीतरी पश्चिमेला होता, आणि सैबेरियातून अलास्काला जमिनीवरून जाता येत होतं. ऑस्ट्रेलियापर्यंत मात्र सलग जमीन कधीच नव्हती. वाटेत खोल समुद्राचे पट्टे होते. म्हणजे ज्यांच्याकडे धातू नव्हता, शेती नव्हती, मडकंही नव्हतं, त्यांच्याकडे तराफे होते.

अमेरिकेचा पुरावा मुलांना विशेष आवडतो. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स इथे आटून गेलेल्या तळ्याच्या काठी पावलांचे ठसे मिळाले, सुमारे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतले बरेचसे लहान मुलांचे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचे आहेत.

सगळ्यांत शेवटी माणूस पोचला तो पॅसिफिकमधल्या बेटांवर. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी जोडनावांतून, तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची उड्डाणं पाहत हजारो किलोमीटर जात. नुसत्या डोळ्यांनी हे शक्य आहे का, अशी शंका बरीच वर्षं घेतली जायची. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ नावाची जुन्या पद्धतीची नाव हवाईहून ताहितीला गेली. होकायंत्रसुद्धा नव्हतं, वाट दाखवायला मायक्रोनेशियाचे माऊ पियालुग हे नावाडी होते. शंका संपली. अशाच नावांतून माणसं न्यूझीलंडला पोचली तो काळ इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आसपासचा. इकडे नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, त्याच सुमारास तिकडे एका मोठ्या भूमीवर माणसाचं पहिलं पाऊल पडत होतं. दोरीवर दोन्ही खुणा शेजारी-शेजारी.

६. मग कुणी गोरं, कुणी काळं का?

सगळे एका घरातले, तर रंग वेगळे का, हा प्रश्न इथे येतोच. तो आला नाही तर आपण काढावा, कारण आपल्याकडे ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य मुलींच्या कानावर फार लवकर पडतं.

उत्तर उन्हात आहे. उन्हातले अतिनील किरण कातडीतून आत शिरले, की शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि पोटातल्या बाळाच्या वाढीला ते फार गरजेचं असतं. कातडीतला काळा रंग हे किरण अडवतो. त्यामुळे कडक उन्हाच्या प्रदेशात गडद कातडी हे संरक्षण आहे. पण त्याच किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्वही तयार होतं, जे हाडांना लागतं. उत्तरेकडे ऊन मुळातच कोवळं. तिथे गडद कातडीतून पुरेसे किरण आत जात नाहीत. म्हणून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या फिकट कातडीची माणसं जास्त टिकली.

हा बदल फार जुनाही नाही. इंग्लंडमध्ये चेडर गावाजवळच्या गुहेत १९०३ साली सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा सांगाडा मिळाला होता. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून असं दिसलं, की त्याची कातडी बहुधा गडद होती आणि डोळे निळे. दोरीवर ही खूण १० मीटरवर येते. इंग्लंडमधला माणूस दहा मीटरपूर्वी बहुधा काळा होता.

आणि आतून? जगातली कोणतीही दोन माणसं घेतली, तर त्यांचा डीएनए ९९.९ टक्के सारखा असतो. आपल्या देशापुरतं सांगायचं, तर २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या अनेक जातीजमातींचा डीएनए तपासला. मुख्य भूमीवरचे जवळजवळ सगळे गट दोन प्राचीन वंशांच्या मिश्रणातून आलेले निघाले. प्रमाण कमी-जास्त, पण मिश्रण सर्वांत. २०१३च्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की हे मिसळणं सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी जोरात चालू होतं आणि नंतर थांबत गेलं, कारण लोक जातीतल्या जातीत लग्नं करू लागले. ‘आमचं रक्त शुद्ध’ असं कुणी मुलांसमोर बोललं, तर त्यांना हे माहीत असायला हवं.

७. संस्कृती रक्तातून येत नाही

कोल्हापुरात जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी जपानी घरात गेलं, तर ते अस्खलित जपानी बोलेल आणि मराठीचा एक शब्दही त्याला येणार नाही. भाषा, जेवण, देव, लग्नाची रीत, मेलेल्याला निरोप द्यायची रीत, हे सगळं आपण शिकतो. त्यामुळे ते माणसांबरोबर प्रवास करतं, आणि एकाकडून दुसऱ्याकडेही जातं. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं मजुरीला मॉरिशसला गेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

पण मुलांना हे पटवायचं असेल, तर आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवून एकेक जिन्नस विचारावा. साबुदाणा हल्ली आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून करतात. कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला. मिरचीही अमेरिका खंडातली. या सगळ्या गोष्टी पोर्तुगिजांसारख्या युरोपियांच्या गलबतांतून आल्या, म्हणजे १४९८ नंतर. ज्ञानेश्वर किंवा नामदेव यांनी कधी मिरची चाखली नव्हती. तिखटासाठी तेव्हा मिरे होते. आणि दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना ताटात आलेली ज्वारीची भाकरी? ज्वारी पहिल्यांदा पेरली गेली ती पूर्व सुदानच्या भागात, सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. ज्याला आपण अगदी आपलं म्हणतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी दुरून आणून दिलेलं आहे, आणि आपण ते आपलं केलं.

आपल्या जमिनीत पुरलेलं जुनं जगणं पाहायचं असेल, तर इनामगावची गोष्ट सांगावी. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी १९६८पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण ३६०० वर्षांपूर्वी वसलेलं आणि नऊशे वर्षं नांदलेलं ते शेतकऱ्यांचं गाव. ते सातू पिकवत, गुरं पाळत, पुराचं पाणी वळवायला त्यांनी कालवा काढला होता. आधीची घरं चौकोनी आणि ऐसपैस आहेत. नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या येतात. ढवळीकरांनी त्याचा अर्थ असा लावला, की पाऊस कमी होत गेला, शेती हटली आणि लोक गरीब झाले.

घरात लहान मूल गेलं, तर हे लोक दोन मडकी घेत, त्यांत मुलाला ठेवून मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घराच्याच जमिनीखाली आडवी पुरत. मोठ्या माणसाला पुरताना त्याची पावलं तोडत. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. त्यांची भाषा कोणती होती, देवांची नावं काय होती, हे मडकी सांगू शकत नाहीत. मूल मेल्यावर त्याला घरातच, जवळ ठेवावंसं वाटणं मात्र कुणालाही समजतं.

या गावाचं वय कोळशावरून काढलं. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन घेत असतं. तोडलं की घेणं थांबतं, आणि आतला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. एखाद्या कोळशात आठवा हिस्सा उरला असेल, तर निम्मा, त्याचा निम्मा, त्याचा निम्मा, असं तीनदा झालं. तीन गुणिले ५,७३०, म्हणजे १७,१९० वर्षं. सातवीतलं मूल हे गणित सहज करतं.

८. आजीची गोष्ट

घरात आजीने सांगितलेलं असतं, की ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली, मनूपासून माणसं झाली. मूल गोंधळतं आणि विचारतं, खरं कोण? आजीला खोटं ठरवू नये. जगातल्या जवळजवळ प्रत्येक समाजाकडे ‘आपण कुठून आलो’ याची एक गोष्ट आहे, आणि ती त्या समाजाची ठेव आहे. मुलाला एवढंच सांगावं, की आजीची गोष्ट श्रद्धेने जपलेली आहे, आणि ही दुसरी गोष्ट खणून, मोजून, तपासून मिळालेली आहे. उद्या नवं हाड सापडलं तर ती बदलेल. मोरोक्कोतल्या कवट्यांचं वय २०१७ मध्ये नव्याने कळलं, आणि आपला वंश २ लाख वर्षांचा म्हणणाऱ्या पुस्तकांना आकडा बदलावा लागला.

ही दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल, तर येत्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पाहा, किंवा रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला जांभ्यात कोरलेली जुनी चित्रं पाहा. कशेळीच्या सड्यावर तर हत्तीचं भलंमोठं चित्र आहे. फक्त तिथे गेल्यावर चपला बाहेर काढा, चित्राच्या रेघांवर पाय पडू देऊ नका, आणि फोटो उठून दिसावा म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू देऊ नका. जांभा झिजतो, आणि ही चित्रं पुन्हा कोरता येणार नाहीत.